पावसाळ्यात जाम झालेली जेट-स्की: बेलापूरच्या खाडीकाठचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेलापूरच्या खाडीकाठी एका गावात दोन भाऊ राहतात. वडिलांची मासेमारीची होडी होती. ती विकली गेली, थोरल्याने टेम्पो घेतले, धाकटा कंपनीत नोकरीला लागला. पाण्याची ओढ मात्र सुटली नाही. धाकट्याने एक वापरलेली तीन आसनी जेट-स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, ट्रेलरसकट विकत घेतली. ती दुरुस्त करणारा मिस्त्री मी. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील इथे बदलले आहेत. यंत्राचं जे घडलं ते तसंच ठेवलं आहे.

यंत्र साधं आहे: तीन सिलिंडरचं १०४९ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ७० लिटरची टाकी, टर्बो किंवा सुपरचार्जर काही नाही. या जातीच्या यंत्रात एक गोष्ट आधीच समजून घ्यावी लागते. इंजिन थंड ठेवायला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. पाणी ओढून मागे फेकणारा आणि त्या जोरावर यंत्र पुढे ढकलणारा जेट पंप ज्या पाण्यात चालतो तेच पाणी नळीने इंजिनभोवती फिरतं, एक्झॉस्टमध्ये सोडलं जातं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. म्हणजे खाडीचं खारं, गाळ मिसळलेलं पाणी दर फेरीत इंजिनाच्या अंगाखांद्यावरून जातं. फेरी संपल्यावर गोड्या पाण्याने आतला मार्ग धुवायचा, त्याला फ्लशिंग म्हणतात. ते खाडीकाठच्या माणसाने एकदाही चुकवू नये.

भाऊ जेट-स्की चालवायचे ते बेलापूर-उरण बाजूच्या पाण्यात, भरती बघून. सलग सुटी मिळाली की ट्रेलर अलिबागकडे जायचा. वाशी पुलाच्या वर उत्तरेला त्यांनी ती कधीच नेली नाही, आणि हे मला मनापासून आवडलं. तिथे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. रोहित पक्षी चिखलावर उतरलेले असतात तेच महिने नेमके आपल्या फेऱ्यांचे असतात.

आपल्याकडचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. मेच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय बंद होतात ते ३१ ऑगस्टपर्यंत. कंपनीच्या पुस्तकात साठवणुकीचं प्रकरण असतं, पण ते थंड देशांच्या हिवाळ्यासाठी लिहिलेलं असतं. बराचसा मजकूर पाणी गोठून इंजिनाला तडा जाऊ नये याबद्दल असतो. बेलापुरात पाणी गोठत नाही. इथे तीन महिने हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उकाडा आणि रात्री ओल असते, आणि लोखंडावर आधीच मिठाचा थर बसलेला असतो. या प्रकरणातलं बरंचसं नुकसान या तीन महिन्यांत झालं, त्याची सुरुवात मात्र हंगामाच्या शेवटच्या अर्ध्या तासात झाली.

अडचण

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्याने शेड उघडली, ताडपत्री काढली, बॅटरी चार्ज करून लावली आणि स्टार्टचं बटण दाबलं. आतून एकच आवाज आला, ‘टक्’. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. शेजाऱ्याची नवी बॅटरी आणून लावली, तरी तेच.

थोरले म्हणाले, “टेम्पोची बॅटरी जोड आणि जोरात सेल मार, सुटेल. होडीचं इंजिन असंच सुटायचं.” धाकट्याने वायर हातात घेतली आणि त्याआधी मला फोन केला.

पहिला निर्णय: सेल मारायचा की नाही

मी फोनवर एवढंच सांगितलं की बटणाला हात लावू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि सीट उघडी ठेवा.

कारण असं की ‘टक्’ या एका आवाजामागे निदान पाच गोष्टी असू शकतात. बॅटरी बसलेली असते, पण इथे दुसऱ्या बॅटरीनेही तेच झालं. स्टार्टर किंवा त्याचा रिले गेलेला असतो. पंपात काहीतरी अडकून इम्पेलर, म्हणजे पंपातला पाती असलेला पंखा, जाम झालेला असतो. इंजिन आतून गंजून धरलेलं असतं. आणि पाचवी, सगळ्यात घातक शक्यता म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर जाताना वर पाणी असेल तर तो तिथेच थांबतो. अशा वेळी टेम्पोच्या बॅटरीचा जोर लावला तर स्टार्टर फिरण्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. मग दुरुस्तीचं काम राहत नाही, इंजिनच बदलावं लागतं.

पहिल्या तीन शक्यतांमध्ये सेल मारून फारसं बिघडत नाही, चौथीत रिंग तुटू शकते, पाचवीत सगळं जातं. कोणती खरी हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे प्लग काढून बघितल्याशिवाय सेल मारायचा नाही, हा निर्णय अवघड नव्हता. अवघड होतं ते थोरल्यांना पटवणं. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. वडिलांच्या होडीवरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. हातात हँडल असलं की आत काहीतरी अडलंय हे हाताला कळतं आणि माणूस थांबतो. बटणाला ते कळत नाही. हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, “मग प्लग काढूनच बघा, मिस्त्री.”

तपासणी

सीट आधीपासून उघडी होती, पेट्रोलची वाफ निघून गेली होती. तिन्ही कॉइल काढल्या, मग प्लग. पहिला कोरडा, किंचित काळपट. दुसराही तसाच. तिसऱ्याचं टोक तांबूस होतं आणि त्याच्या आट्यांमधून विटकरी रंगाचं पाणी ओघळलं. ऑइलची कांडी बाहेर काढली तर टोकाशी तेल चहात जरा जास्त दूध पडावं तसं दिसत होतं. पाणी रिंगांच्या फटीतून हळूहळू खाली ऑइलमध्येही उतरलं होतं.

आता प्लग नव्हते, म्हणजे पाणी असलं तरी त्याला वर वाट होती. हाताने फिरवून बघितलं, तरी इंजिन हललं नाही. त्याच वेळी ट्रेलरखाली वाकून पंपाच्या तोंडावरच्या जाळीतून बघताना पंपात, इम्पेलरच्या पुढे शाफ्टला नायलॉनच्या जाळ्याचा गुंडाळा दिसला. खाडीत हे नेहमीचंच आहे. जुन्या जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, पिशव्या, गोणपाटाच्या चिंध्या, पंपाला जे मिळेल ते तो ओढतो.

धाकट्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं कारण सापडलं. गुंडाळा कापून काढला, पंपाचा शाफ्ट इंजिनापासून सुटा केला. पंप मोकळा फिरायला लागला, इंजिन मात्र तसंच अडलेलं. अशा ठिकाणी थांबणं सोपं असतं, कारण काहीतरी सापडलेलं असतं. पण जे सापडलं ते कारण असेलच असं नाही. जाळ्याने पंपाला त्रास दिलाच असेल, पण तिसऱ्या सिलिंडरातलं पाणी जाळ्याने आणलेलं नव्हतं.

पाणी आलं कुठून

आम्ही मेच्या शेवटच्या फेरीची उजळणी केली. त्या दिवशी धाकट्याला संध्याकाळी ऑफिसचा कॉल होता. ट्रेलर शेडमध्ये लावून तो घरी गेला आणि टेम्पोवर मदतीला असलेल्या पोराला सांगून गेला, “याला पाणी मार.” पोरगा कामाला चोख. त्याने फ्लशिंगच्या तोंडाला पाइप जोडला, नळ पूर्ण सोडला आणि मग बटण दाबलं. बॅटरी कमजोर होती, इंजिन पहिल्यांदा धरलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग त्याने दोन मिनिटं थांबून पुन्हा बघितलं. इतका वेळ नळ चालूच होता. शेवटी इंजिन काही लागलं नाही, तेव्हा “आतून पाणी तर फिरलंच” असं समजून त्याने नळ बंद केला.

बिघाड नेमका इथे झाला. इंजिन चालू असताना एक्झॉस्टच्या दाबाने पाणी बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद असताना ढकलायला काहीच नसतं. पाणी एक्झॉस्टच्या डब्यात साठत जातं, पातळी वर चढते आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा असेल त्यात शिरतं. तीनपैकी एकाच सिलिंडरात पाणी सापडलं, त्याचं कारण हेच.

म्हणून कंपन्यांच्या पुस्तकात क्रम ठरवून दिलेला असतो. आधी इंजिन सुरू करायचं, मग लगेच नळ सोडायचा. काही मिनिटं आयडलवर चालवायचं. मग आधी नळ बंद करायचा, इंजिन चालूच ठेवून एक-दोनदा हलकी रेस द्यायची म्हणजे आतलं उरलेलं पाणी बाहेर पडतं, आणि मग इंजिन बंद. पाण्याशिवाय ते १५ सेकंदांपेक्षा जास्त चालू द्यायचं नाही. पोराला हा क्रम कोणी सांगितलाच नव्हता, आणि क्रम उलटा केला तर काय होतं हेही नाही. त्याची चूक मी धरत नाही.

बोलता बोलता दुसरी गोष्ट निघाली. नळाला पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून फ्लशिंगला शेडमागच्या बोअरवेलचं पाणी वापरायचे. मी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं, तर चव खारट. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर घातल्यावर आकडा घरच्या नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी वर गेला. खाडीपासून हाकेच्या अंतरावरची बोअर, तिथे समुद्राचं पाणी मुरलेलं असतं. म्हणजे दोन हंगाम मीठ धुवायला मिठाचंच पाणी वापरलं जात होतं. सिलिंडरात जे पाणी तीन महिने उभं राहिलं तेही हेच.

पर्याय

इंजिन जाम आहे, एका सिलिंडरात गंज आहे, पण किती हे माहीत नाही. भावांसमोर चार वाटा होत्या.

एक, आहे तशी विकून टाकायची. गिऱ्हाईक तयार होतं, पण त्याने देऊ केलेले पैसे ट्रेलरच्या किमतीपेक्षा थोडेच जास्त होते. दुसरी, दुसरं वापरलेलं इंजिन आणून बसवायचं. वेळ कमी लागला असता, पण ज्या इंजिनाचा इतिहास कोणाला माहीत नाही ते खाऱ्या पाण्यात वापरलेलं घेणं मला पसंत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. तिसरी, लगेच इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं. चौथी, आधी आत तेल सोडून हळूहळू मोकळं करायचा प्रयत्न करायचा आणि मग आत बघून पुढचं ठरवायचं.

थोरले विकायच्या बाजूचे होते. “यंत्र चालतं तोवर यंत्र, नाहीतर भंगार,” असं त्यांचं म्हणणं. धाकट्याला दिवाळीच्या सुटीआधी ती पाण्यात हवी होती, म्हणून तो दुसऱ्या इंजिनाकडे झुकत होता. मी चौथी वाट सुचवली, एका अटीवर. मोकळं झालं तरी लगेच पाण्यात नेणार नाही, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, बघायचं आणि कॅमेरा आत घालायचा. दिवाळी चुकली तर चुकली. अट दोघांनी मान्य केली. आज मागे वळून बघता हीच गोष्ट निर्णायक ठरली असं मला वाटतं, कारण इंजिन फिरायला लागल्यावर ‘चालतंय ना, मग चालवा’ हा मोह फार मोठा असतो.

काम

सिलिंडरातलं पाणी हातपंपाने ओढून काढलं. तिन्हींत जाम सोडवायचं पातळ तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पान्ह्याने अगदी हलका जोर दिला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. हललं नाही. आणखी तेल, आणखी थांबणं. इथे घाई केली की रिंग तुटते. धाकटा रोज ऑफिसमधून आल्यावर पाच मिनिटं शेडमध्ये जायचा, तेल बघायचा, पान्हा लावायचा, परत यायचा. आठवडा संपायच्या आत एका संध्याकाळी इंजिन नखभर सरकलं. तेवढ्यावरच थांबून पुन्हा तेल घातलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरा फिरला.

जुनं ऑइल काढलं. ते राखट, साबणाच्या फेसासारखं होतं. स्वस्त नवं ऑइल घालून हातानेच फिरवून पुन्हा काढलं, असं ते स्वच्छ दिसेपर्यंत केलं. मग प्लग न लावता, भोकांवर कापड धरून, बॅटरीने फिरवलं. कापडावर तेल आणि लालसर पाणी उडालं.

कॉम्प्रेशन मोजल्यावर दोन सिलिंडर एकमेकांच्या जवळ होते. तिसरा त्यांच्या जेमतेम दोन-तृतीयांश. कॅमेऱ्यात तिसऱ्याच्या भिंतीवर, पाणी उभं होतं त्या उंचीवर, गंजाचा पट्टा स्पष्ट दिसत होता.

आता दुसरा मोठा निर्णय. धाकटा म्हणाला, “चाललं तर चालवत राहू, हंगामात रिंगा आपोआप बसतील.” कधीकधी तसं होतंही. पण भिंतीवर खड्डा असेल तर नवी रिंगसुद्धा तिथे झिजते, ऑइल जळतं, आणि खाडीच्या मधोमध ओहोटीला इंजिन बंद पडलं तर माणूस चिखलात अडकतो. उधाणाच्या दिवशी आपल्याकडे भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. पाणी उतरलं की कमरेइतक्या गाळातून चालत किनारा गाठता येत नाही. धाकट्याला पैशांच्या हिशेबापेक्षा हे जास्त पटलं. त्याने लहानपणी असं अडकलेलं माणूस बघितलं होतं.

हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीवर खरवडलेला होता, एक रिंग खाचेत चिकटली होती. भिंतीवरचा गंज वरवरचा निघाला. होनिंग, म्हणजे भिंत बारीक दगडाने घासून सारखी, केल्यावर नखाला लागेल असा खड्डा राहिला नाही. व्हॉल्व्ह घासून बसवले, रिंगा आणि हेड गॅस्केट नवे घातले, बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने आणि क्रमाने आवळले. सुटे भाग बाहेरून मागवावे लागले आणि त्यातच दिवाळी गेली. एकूण खर्च यंत्राच्या खरेदी किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका झाला. थोरल्यांनी त्यावर काहीच बोलणं केलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट.

बाकीची दुखणी

इंजिन उघडलेलं असताना इतर गोष्टीही तपासल्या, आणि त्यांतून हंगामातल्या निगेचं चित्र समोर आलं.

पंपाच्या आतली वेअर रिंग, म्हणजे इम्पेलरभोवतीचं बाही-कडं, खरवडून निघालं होतं. इम्पेलरची पाती आणि हे कडं यांच्यात अगदी बारीक फट असावी लागते. गाळ आणि वाळू ओढली गेली की फट वाढते, पंप पाणी नुसतं घुसळतो, इंजिन गुरगुरतं पण वेग येत नाही. मागच्या एप्रिलमध्ये ‘उचल कमी झाली’ असं धाकट्याला वाटत होतं, ते याच कारणाने. निदान ६० सेंटीमीटर पाणी खाली असल्याशिवाय गाडी सुरू करू नये, हा पुस्तकातला नियम जेटीच्या उतारावर सहज मोडला जातो. उतारावरून ट्रेलरवरून सुटली की लगेच बटण दाबायची सवय होती. आता ते ढकलत किंवा वल्ह्याने खोल पाण्यात नेतात आणि मगच सुरू करतात.

अ‍ॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजावा म्हणून बसवलेला धातूचा तुकडा, जवळजवळ नवा दिसत होता. हे बघून आनंद व्हायला नको. खाऱ्या पाण्यात तो झिजलाच पाहिजे. खरवडून बघितल्यावर त्यावर रंगाचा थर निघाला. आधीच्या मालकाने सगळ्या मागच्या भागाला रंग मारला तेव्हा त्यालाही मारला होता. म्हणून त्याचं काम शेजारच्या धातूंना करावं लागत होतं.

पेट्रोलचा नमुना पारदर्शक बाटलीत घेऊन तासभर उभा ठेवला. खाली दोन बोटं फिकट थर, वर पिवळसर थर, मधे स्वच्छ रेघ. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की पाण्यासकट खाली बसतं. नुसत्या दमट हवेने एवढं पाणी येणार नाही अशी शंका आली म्हणून टाकीचं झाकण बघितलं. त्याची रबरी रिंग भेगाळलेली होती, आणि ताडपत्रीचा खोलगट भाग नेमका तिथे होता. पावसाचं पाणी तिथे साठून झिरपत राहिलं. शिवाय या यंत्राच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलची मर्यादा दिलेली आहे. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या दर हंगामात हाताने दाबून बघायच्या, मऊ पडलेल्या बदलायच्या आणि इंधन टाकीत पडून राहू द्यायचं नाही असं ठरलं. खराब पेट्रोल आणि जुनं ऑइल कॅनमध्ये भरून टेम्पोच्या गॅरेजमार्फत वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे दिलं. गटारात टाकलं असतं तर ते खाडीतच गेलं असतं.

पुढचा पावसाळा

डिसेंबरात जेट-स्की पाण्यात उतरली. सुरुवातीचे काही तास जोर न देता चालवली, लगेच ऑइल बदललं. हंगाम सुरळीत गेला. खरी परीक्षा पुन्हा मेच्या शेवटी होती.

फ्लशिंगसाठी त्यांनी दोनशे लिटरचा ड्रम आणि छोटा पंप घेतला. सकाळी पालिकेचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं, म्हणजे वेळेची अडचण नाही आणि बोअरचं पाणी नको. शेडच्या भिंतीवर पोराने स्वतः रंगाने लिहिलं: ‘आधी इंजिन, मग पाणी. आधी पाणी बंद, मग इंजिन.’ हंगाम संपायच्या महिनाभर आधीच बॅटरी बदलली, कारण शेवटच्या दिवशी इंजिन पहिल्या बटणाला लागायला हवं.

टाकी भरून ठेवायची की रिकामी, यावर बराच वाद झाला. भरलेल्या टाकीत हवा कमी असते, ओल कमी शिरते, म्हणून बऱ्याच पुस्तकांचा सल्ला तोच असतो. पण भरलेली ठेवायची म्हणजे ७० लिटर इथेनॉलवालं पेट्रोल तीन महिने घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडच्या पलीकडच्या भिंतीला स्वयंपाकघर. थोरल्यांनी त्याला साफ नकार दिला आणि मला तो योग्य वाटला. अर्धी टाकी तर सगळ्यात वाईट, दोन्हीकडचं नुकसान. शेवटी टाकी जवळपास रिकामी केली, तळाशी थोडं ताजं पेट्रोल आणि ते खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर घालून, पाणी जोडून इंजिन दहा मिनिटं चालवलं, म्हणजे इंजेक्टरपर्यंत तेच पोचलं. झाकणाची रिंग नवी घातली.

मग फॉगिंग ऑइल, म्हणजे साठवणुकीत आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल, सोडून सिलिंडरांच्या भिंतींवर थर दिला, प्लग परत लावले. मधल्या बेअरिंगला आणि स्टिअरिंगच्या केबलला ग्रीस. मागचे ड्रेन प्लग काढून ट्रेलरचा पुढचा भाग उचलून ठेवला, म्हणजे तळातलं पाणी वाहून जातं. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज.

झाकायचं कसं हे थोरल्यांनी शिकवलं. पावसाळ्यात होडी शाकारताना वडील दोन्ही टोकं उघडी ठेवायचे, वारा आरपार जायला. प्लास्टिक गुंडाळून बंद केलेली होडी आतून कुजते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. जेट-स्कीला ते लागू आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं इतकंच. या वेळी ताडपत्री बांबूच्या चौकटीवर उताराने ताणली, पाणी साठायला खोलगट जागा ठेवली नाही, दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या आणि सीट सुटी करून बाजूला ठेवली.

धाकट्याचा एक प्रश्न रास्त होता. दर रविवारी मिनिटभर सुरू करून ठेवली तर बरं नाही का? मोटारसायकलला आपण तसं करतो. मी नको म्हटलं. मिनिटभरात इंजिन तापत नाही. जळण्यातून तयार झालेली वाफ आतच थंड होऊन पाणी बनते, वर फॉगिंगचं तेल धुतलं जातं. पाणी न जोडता केलं तर आणखी वाईट. पावसाळ्यात एकदा झोपवली की सप्टेंबरपर्यंत उठवायची नाही.

निष्पत्ती

पुढच्या सप्टेंबरात प्लग काढून बघितले, तिन्ही कोरडे, तेलकट. हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. कॉम्प्रेशनमध्ये तिसरा सिलिंडर बाकी दोघांपेक्षा किंचित कमी आहे, आणि तो थोडं जास्त ऑइल खातो. हे राहणारच. प्लग लावून, पाणी क्रमाने जोडून सुरू केल्यावर पहिल्या बटणाला लागली. सुरुवातीला भरपूर पांढरा धूर आला, तो फॉगिंग ऑइलचा.

एक नवं दुखणं मात्र निघालं. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्याने उंदीर आत आले आणि स्पीड सेन्सरची वायर कुरतडली. पुढच्या वेळी एक्झॉस्टच्या तोंडाला आणि हवेच्या भोकांना बारीक तारेची जाळी लावायची आहे, सुरू करताना काढायची आठवण राहावी म्हणून तिला लाल फीत बांधून.

वेगळं काय करता आलं असतं

कमजोर बॅटरी एप्रिलमध्येच लक्षात आली होती. ती तेव्हा बदलली असती तर पोराने नळ आधी सोडूनही इंजिन लगेच लागलं असतं आणि कदाचित नुकसान झालंच नसतं. हंगामाच्या शेवटच्या फेरीला वेळ राखून ठेवायला हवा होता. तो दिवस फेरीचा नाही, कामाचा धरायचा.

मेच्या त्या संध्याकाळी ‘इंजिन लागलं नाही’ एवढं जरी पोराने फोन करून सांगितलं असतं, तरी प्लग काढून पाणी बाहेर काढता आलं असतं आणि गंज धरला नसता. पाणी शिरल्यावर पहिल्या काही तासांत काढलं आणि तेल सोडलं तर इंजिन बहुतेक वेळा वाचतं. त्याने फोन केला नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आठवडाभर तेल सोडून थांबायचं की पहिल्याच दिवशी इंजिन खोलायचं, यावर मतं वेगळी असू शकतात. खोललं असतं तर भाग लवकर मागवता आले असते आणि दिवाळीपर्यंत काम उरकलंही असतं. पण जाम इंजिन तसंच खोलताना पिस्टन काढायला जोर लागतो आणि भिंत खरवडते. इथे गंज वरवरचा निघाला म्हणून थांबणं फायद्याचं ठरलं. खोल खड्डा असता तर तो आठवडा वाया गेला असता.

खरेदीच्या दिवशी कॉम्प्रेशन मोजून ठेवलं नव्हतं, म्हणून तिसऱ्या सिलिंडरचं किती नुकसान आधीचं आणि किती त्या पावसाळ्यातलं, हे शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. आता तिन्ही आकडे तारखेसह आणि तासांच्या मीटरसह एका कागदावर आहेत. तो सीटखालच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पुढची नोंद १०० तासांच्या सर्व्हिसला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा.